रिकामी दहा मिनिटं

'बीस मिनट' नावाच्या गृहस्थांनी आपल्या सख्ख्या मेहुण्याला भर दुपारी घराबाहेर काढलं होतं, आणि तेही एका गाण्यावरून. नागपूरहून दोन दिवसांसाठी आलेला तो भला माणूस. गाणं सुरू होऊन सात-आठ मिनिटं झाल्यावर त्याने सहज विचारलं, "भाऊजी, यात गाणं कधी सुरू होते?" बीस मिनटांनी गाणं थांबवलं नाही. ते कधीच थांबवत नसत. ते उठले, दार उघडलं, मेहुण्याच्या चपला बाहेरच्या पायरीवर सरळ करून ठेवल्या आणि दाराशी उभे राहिले. मेहुणा मुकाट्याने समोरच्या टपरीवर जाऊन बसला. गाणं संपल्यावर त्याला आत बोलावून पोटभर जेवू घातलं. वीस मिनिटं ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा त्या घराचा नियम होता आणि त्यावरूनच जबलपूरच्या गढा भागातली सगळी गल्ली त्यांना 'बीस मिनट' म्हणायची. त्यांचं खरं नाव पोस्टमनला ठाऊक होतं आणि मला, कारण मी बँकेत होतो.

हा माणूस आठवला की मला आधी राग येतो. अर्धा त्यांच्यावर येतो, अर्धा माझ्यावर, आणि तरीही थोडा उरतोच. प्रेमाने लिहायचं ठरवून मी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा पेन आपटून उठलो. त्यामुळे आता रागानेच लिहितो.

माझी जबलपूरला बदली झाली तेव्हा मी विजयनगरात एकटा राहत होतो आणि सगळ्या जगावर रुसलेला होतो. नोव्हेंबर महिना. पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागलेली. एका उंच, वाळक्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याचा ठसा यंत्र काही केल्या घेईना. चौतीस वर्षं कारखान्यात मोठ्या घणाच्या मशीनवर काम केलंय, रेषा कुठून राहणार, असं ते म्हणाले आणि हात पुसायला त्यांनी स्वेटर वर केला. आत काळा टी-शर्ट होता आणि त्यावर ज्या बँडचं नाव होतं तो सबंध मध्य प्रदेशात फक्त मीच ऐकतो, असा माझा समज होता. मी रांग, यंत्र सगळं विसरून त्या टी-शर्टाकडे बोट दाखवलं. ते मला निरखून बघत म्हणाले, "तिसरा अल्बम का चौथा?" मी तिसरा म्हणालो. "मग रविवारी घरी या. सरकारले दरवर्षी सांगा लागते, मी जिवंत आहो म्हणून. तिथं गाणं लावून दाखवतो, मग लिहा."

प्रोग्रेसिव्ह रॉक हे त्यांचं वेड. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात एकेक गाणं वीस-पंचवीस मिनिटांचं असतं, मध्येच ताल बदलतो, चाल बदलते, आणि सुरुवातीला हरवलेला सूर शेवटी भलत्याच वाटेने घरी येतो. कारखान्यात मशीन बसवायला आलेला एक परदेशी तंत्रज्ञ कॅसेट विसरून गेला. ती परत पाठवण्याआधी एकदा ऐकावी म्हणून यांनी लावली आणि परत केलीच नाही. आयुष्यात आपण एवढी एकच चोरी केली, असं ते म्हणत. इंग्रजी त्यांना बेताचंच कळायचं आणि त्याचं त्यांना जराही वाईट वाटत नसे. शब्द कळले की माणूस सुराकडे पाहत नाही, हे त्यांचं मत.

घराची पुढची खोली म्हणजे सगळं त्यांचं राज्य होतं. एका भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली सीडींचं कपाट, आणि कोपऱ्यात कमरेएवढे दोन स्पीकर. त्यांची सागवानी खोकी त्यांनी स्वतः, कारखान्यातल्या एका सुतार मित्राला हाताशी धरून केलेली. दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपून ते घरी येत आणि 'सालाची बैठक' भरवत. आम्ही सात जण असायचो. विजयनगरची एक प्राध्यापिका होती, तिला सगळे दीदी म्हणत. बाकीचे पाच त्यांचे जुने सोबती आणि सातवा मी. वर्षभरात जे नवे अल्बम आले त्यातले दहा ते निवडून ठेवत, दहापासून एकपर्यंत यादी वाचत, आणि मग पहिल्या नंबरचा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकवत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून वडाभाताचा वास सोडत, पण अल्बम संपेपर्यंत ताट येत नसे.

यादी एका लांबलचक रजिस्टरात मराठीत लिहिलेली असे. त्यातलं त्यांचं एकेक वाक्य मला तोंडपाठ आहे. एका नावाजलेल्या बँडबद्दल लिहिलं होतं, 'पोरं हुशार आहेत, पण हुशारी दाखवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.' दुसऱ्याबद्दल, 'ड्रमवाला एकटा शहाणा, बाकीचे त्याच्या मागे पिशव्या घेऊन चालले आहेत.' महाराष्ट्रभरातल्या माझ्या मित्रांचा या संगीतावरचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. मी बीस मिनटांना त्यात घेतलं आणि दर डिसेंबरात बैठकीच्या आधी रजिस्टर घरी नेऊन यादी टाइप करून ग्रुपवर टाकू लागलो. पुण्या-मुंबईचे लोक त्या यादीची वाट बघत. ते स्वतः ग्रुपवर सगळं वाचत, लिहीत मात्र कधीच नसत.

त्यांचा सगळ्यात मोठा राग गाणं हळूहळू विरवत संपवणाऱ्यांवर होता. आवाज कमी कमी करत गाणं संपवणं म्हणजे पाहुण्याने निरोप न घेता मागच्या दाराने सटकणं, असं ते म्हणत. एका स्वीडिश बँडने अठरा मिनिटांचं झकास गाणं असंच विरवून टाकलं, तर यांनी त्यांना टपालाने पत्र धाडलं. मजकूर हिंदीत, पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत. शेवट सुचत नसेल तर अजून एक महिना थांबायचं होतं, घाई कोणाला होती, असं त्यात होतं. तीन महिन्यांनी तिकडून कार्ड आलं, चौघांच्या सह्यांसकट. त्यांनी कोणाकडून तरी ते पत्र वाचून घेतलं असावं, कारण कार्डावर एकच शब्द होता, आणि तो 'सॉरी' होता. ते कार्ड कपाटाच्या काचेत लावलेलं होतं.

आता रागाचं मुख्य कारण. मला कळलं तोवर चार वर्षं मी त्या घरात जात होतो आणि त्यातली शेवटची दोन वर्षं मला दिसायला हवं होतं ते दिसलं नाही. दारावरची घंटी वाजवून मी ताटकळायचो आणि मग काकूच दार उघडायच्या. कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करायचं काम पूर्वी यांचं होतं, ते काकूंनी आपल्याकडे घेतलं. गाणं ऐकताना ते हल्ली खुर्चीवर न बसता स्पीकरच्या बाजूला जमिनीवर बसत आणि सागवानावर तळहात ठेवत. मी हे सगळं पाहिलं आणि मला वाटलं, म्हाताऱ्याची नवी लहर. बँकेत सही जराशी तिरकी असली तरी मला लगेच दिसते, आणि हे मात्र दिसलं नाही.

त्या वर्षी नॉर्वेच्या एका बँडचा अल्बम आला होता. सबंध अल्बम म्हणजे चाळीस मिनिटांचं एकच गाणं, आणि त्याच्या मधोमध दहा मिनिटं फक्त बासरी, तारांचं बारीक किणकिण आणि एका बाईचा अगदी हळू आवाज. आमच्या ग्रुपवर त्या दहा मिनिटांची पूजा चालली होती. डिसेंबरात रजिस्टर घरी आणून उघडलं तर तो अल्बम नवव्या नंबरवर, आणि पुढे लिहिलेलं, 'मधली दहा मिनिटं रिकामी. बँड झोपला. उठल्यावर ड्रम चांगला.' पहिल्या नंबरवर कुठल्याशा पोलिश टोळक्याचा अल्बम होता, ज्यात धडाधड ड्रम आणि घरघरती बेस गिटार याखेरीज काही नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाच्या कानावर मी विसंबून होतो, त्याने असं लिहावं?

मी यादी टाकली आणि खाली स्वतःचं टिपण जोडलं. त्यात मी लिहिलं, की आमच्या बीस मिनटांना आता वीस मिनिटं जागं राहणं जमत नाही, झोप त्यांना लागली आणि आळ बँडवर आला, आणि ज्याला बासरी रिकामी वाटते त्याने वरातीच्या डीजेमागे चालावं. लोक खूप हसले. टिपण लिहिताना मलाही स्वतःचं कौतुक वाटत होतं, हे इथे कबूल करतो. ग्रुपवर कधी काही न लिहिणाऱ्या त्या माणसाने त्याखाली एकच ओळ लिहिली. 'रविवारी ऐकू.'

रविवारी बैठकीत यादी वाचून झाली आणि पहिल्या नंबरची सीडी हातात घेऊन ते उठले, तेव्हा मी म्हणालो, आधी ती दहा मिनिटं लावा. नियमाप्रमाणे मधूनच काही लावायचं नसतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नॉर्वेची सीडी माझ्या हाती दिली. मी बरोबर तिथून लावली. बासरी सुरू झाली. दीदीच्या डोळ्यांत पाणी आलं, बाकीचे माना खाली घालून बसले. बीस मिनट स्पीकरवर हात ठेवून आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. दहा मिनिटं संपल्यावर मी एखाद्या वकिलासारखा उभा राहून विचारलं, हे रिकामं आहे? ते म्हणाले, "चलो. मग यादी तुझी." आणि आत निघून गेले. पोलिश अल्बम त्या दिवशी वाजलाच नाही. मी वडाभात दोनदा घेतला. जिंकलो होतो ना मी.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. हाताला पीठ लागलेलं तसंच होतं. त्यांचा आवाज जराही चढला नाही, पण इतक्या रागाने माझ्याशी आजवर कोणी बोललेलं नाही. "भाऊ, तुम्ही असं काहून केलं? त्यांले बारीक आवाज ऐकू येत नाही दोन सालापासून. माझी हाक येत नाही. धडधड तेवढी येते, ते हातानं पकडून ऐकून राहिले. डॉक्टर बोलले, घणानं कान खाल्ले." कानात घालायचे बोळे कारखान्यात मिळत, पण ते घातले की मशीनचा सूर कळत नाही म्हणून हे घालत नसत. मशीनचा सूर! पुढे कानाचं यंत्र आणलं, तर त्यात सगळे बँड पत्र्याच्या डब्यात बसून वाजवतात असं म्हणून चार दिवसांत खणात टाकलं. काकू सांगत होत्या आणि मला भर फाटकात बसकण मारावीशी वाटत होती. कपाटाच्या काचेतलं ते कार्ड, ते सागवान, त्या मोजायच्या राहिलेल्या शिट्ट्या, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

ते टिपण मी पुसून टाकलं, पण हसून झालेलं हसू पुसता येत नाही. पुढचे तीन रविवार माझी त्या गल्लीत पाऊल टाकायची हिंमत झाली नाही. चौथ्या रविवारी सकाळी ते मला नर्मदेच्या ग्वारीघाटावर सापडले. पायऱ्यांवर बसून नावा बघत होते. शेजारी एक पुजारी हातातली छोटी घंटी हलवत होता आणि ते तिच्याकडे असे बघत होते, की ती घंटी त्यांच्यापुरती नुसती हलतेच आहे हे मला न विचारता कळलं. मी बाजूला बसलो आणि मोठ्याने, तोंड त्यांच्याकडे करून माफी मागितली. आजूबाजूचे चार लोक वळून बघू लागले.

"माफी काहून?" ते म्हणाले. "बासरी तिथं होतीच ना?"

"होती."

"मग तू खरं बोलला. अन् मी बी खरंच लिहिलं. मले जे ऐकू आलं त्याची ती यादी आहे. तुम्ही सगळे वाहवा करून राहिले म्हणून मी ते पहिल्या नंबरावर टाकलं असतं, तर तू खूश झाला असता अन् मी खोटा झालो असतो."

मला त्यांचा भयंकर राग आला. आधी सांगितलं का नाही, म्हणून मी तिथेच भांडायला लागलो. माफी मागायला आलेला माणूस ओरडतोय हे बघून पुजाऱ्याची घंटी थांबली. त्यांनी माझं सगळं ओरडून होऊ दिलं. पूर्ण ऐकून घ्यायचं हा त्यांचा नियमच होता.

"सांगितलं असतं तर तू माझी यादी दया करून वाचली असती," ते म्हणाले. "तुझं भांडण मले चालते. दया नाही चालत." मग नदीकडे बघत म्हणाले, की पुढच्या डिसेंबरची बैठक शेवटची. कान हळूहळू विरत चाललेत आणि असं विरत संपलेलं आपल्याला पसंत नाही, आपण ठोक्यावर संपवणार.

शेवटच्या बैठकीला यादी आम्ही सातांनी मिळून केली होती, ती दीदीने वाचली. पण वाजवायला त्यांनी त्या वर्षीचं काहीच घेतलं नाही. गेल्या वर्षीचा तोच नॉर्वेचा अल्बम लावला, पहिल्यापासून, नियमाप्रमाणे. स्वतः ते स्पीकरकडे पाठ करून दोन्हींच्या मध्ये बसले, एकेक तळहात एकेका सागवानावर, तोंड आमच्याकडे. बासरी आली तेव्हा त्यांचे हात सैल पडले. मग त्यांनी आमच्याकडे बघायला सुरुवात केली. प्रत्येकाकडे बराच वेळ, जणू रजिस्टर वाचत होते. माझ्याकडे बघितलं तेव्हा मी तोंड दगडासारखं केलं. आपल्या डोळ्यांतलं पाणी त्यांना फुकट दाखवायचं नाही, असा माझा हट्ट होता. का ते विचारू नका, माझा स्वभावच तसा आहे. बासरीच्या दहाव्या मिनिटाला ड्रमचा ठोका आला तेव्हा तो आमच्या कानांना लागला तितकाच त्यांच्या हातांनाही लागला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. अल्बम एका ठोक्यावर संपला. ते उठले, बटण बंद केलं आणि म्हणाले, "चलो. झालं." काकूंनी ताटं आणली.

चार महिन्यांनी माझी कोल्हापूरला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर त्यांनी सगळी रजिस्टरं एका पिशवीत भरून तयार ठेवली होती. नातवंडांना मराठी कळते पण वाचता येत नाही, इथे त्यांना उधई-वाळवी लागेल, तू ने, असं म्हणाले. मी नको-नको करत नेली आणि कपाटावर टाकून दिली. उघडायची हिंमत नव्हती.

यंदाच्या मार्चमध्ये काकूंचा फोन आला. ते गेले होते, सकाळी, चहा समोर असताना. विहारातल्या शोकसभेत कोणीतरी भाषणात म्हणालं, की वे अंग्रेजी गानों के बड़े शौकीन थे. ते ऐकून मी फोनवरच त्या न पाहिलेल्या वक्त्यावर इतका भडकलो, की काकूच माझी समजूत घालू लागल्या.

त्या दिवशी पिशवी खाली काढली. 'मधली दहा मिनिटं रिकामी' हे वाक्य मला खोडलेलं सापडेल अशी आशा होती. खोडलेलं नव्हतं. त्याखाली वेगळ्या शाईने चार ओळी वाढवलेल्या होत्या. 'दुसऱ्या साली पाहिलं. याच दहा मिनिटांत दीदी रडली, बाकीचे श्वास धरून बसले. बँकवाला तोंड दगडासारखं करून बसला, म्हणजे सगळ्यात जास्त तोच ऐकत होता. नंबर बदलत नाही.'

तेव्हापासून मी तो अल्बम अनेकदा लावला आहे, पहिल्यापासून, नियमाप्रमाणे. बासरी आली की मला खोलीत बसवत नाही. गाणं थांबवायचं नसतं, म्हणून थांबवत नाही. मीच उठतो, दार उघडतो, पायरीवरच्या चपला सरळ करून पायात घालतो आणि ड्रमचा ठोका येईपर्यंत बाहेर उभा राहतो.